मुळाला माती धरते का, ते पाहा: कोकणातल्या घाटरस्त्यांच्या अभियंत्यांना खुले पत्र

कोकणातल्या महामार्गांची आणि घाटरस्त्यांची कामे पाहणारे अभियंते, सल्लागार आणि ठेकेदार यांस,

सादर नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यात, राजापूर तालुक्यातल्या एका गावात राहते. नोकरीची सगळी वर्षे मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत गेली. शेतकरी पिशवीत माती बांधून आणायचे. आम्ही ती सावलीत वाळवून, कुटून, चाळून तिचा सामू (आम्लता दाखवणारा आकडा, पीएच), सेंद्रिय कर्ब, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) काढून द्यायचो. निवृत्त होऊन गावी आले त्याच सुमारास आमच्याकडचा रस्ता रुंद झाला. रुंदीसाठी डोंगराची कड उभी कापली. हे पत्र त्या कापलेल्या कडेविषयी आहे, आणि तिच्यासारख्या कोकणातल्या शेकडो कडांविषयी.

पहिल्या पावसाळ्याच्या तोंडावर त्या कडेवर यंत्राने गवताच्या बियांचा फवारा मारला गेला. लगदा, बी, चिकटद्रव्य, थोडे खत. ऑगस्टमध्ये कड इतकी पोपटी झाली की एसटीतून जाताना माणसे मान वळवून पाहायची. फोटो निघाले. मलाही बरे वाटले, खोटे कशाला सांगू. मार्चमध्ये मी चालत तिथे गेले. गवत भुरे पडले होते, त्याचे काही नाही, कोकणात मार्चमध्ये गवत भुरेच असते. पण एक जुडगा धरून सहज ओढला तर तो मुळांसकट हातात आला. मुळे स्वच्छ होती, धुतल्यासारखी. त्यांना मातीचा कण चिकटलेला नव्हता. दुसऱ्या पावसाळ्यात आर्द्रा नक्षत्र लागायच्या आत त्या कडेवर बोटभर रुंदीच्या घळी पडल्या, आणि श्रावणापर्यंत त्यांत माणसाचा हात कोपरापर्यंत जाईल इतक्या त्या खोल झाल्या. खालचे गटार लाल गाळाने भरून रस्त्यावर वाहू लागले.

त्याच जागेपासून शंभर-दीडशे पावलांवर जुन्या रस्त्याची कड आहे. तीही कधीकाळी कापलेलीच, मी शाळेत जात असतानाची. तिथे कोणी काही लावले नाही. आज तिच्यावर धायटी आहे, करवंदाच्या जाळ्या आहेत, कुडा आहे, वर कुसळी गवत आणि पावसाळ्यात कवल्याची पिवळी फुले. त्या कडेवरचे गवत ओढले तर ते येत नाही. खुरप्याने काढावे लागते, आणि आले की मुळांभोवती मुठीएवढा मातीचा गोळा असतो. झटकला तरी सुटत नाही.

मला जे सांगायचे आहे ते या मुठीएवढ्या गोळ्याबद्दल आहे.

माती तपासणारी माणसे मुळे उपटून झटकतात. झटकल्यावर पडते ती एक माती, मुळाला धरून राहते ती दुसरी. अंतर म्हणाल तर काही मिलिमीटरचे. पण या दोन मातींचे गुणधर्म इतके वेगळे असतात की १९०४ साली लॉरेन्झ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने मुळाभोवतीच्या या पट्ट्याला स्वतंत्र नाव दिले, रायझोस्फिअर. झाड पानांत जे अन्न तयार करते त्यातला बराच मोठा वाटा, पुष्कळ वनस्पतींत दहाव्या हिश्श्याहूनही अधिक, मुळांतून मातीत पाझरतो. साखरा, आम्ले, चिकट द्रव्ये. त्यावर जिवाणू आणि बुरशी जगतात. ते मरतात, त्यांतून नत्र (नायट्रोजन) सुटते, ते पुन्हा मूळ घेते. त्या चिकट द्रव्यांनी आणि बुरशीच्या तंतूंनी मातीचे कण एकमेकांना धरतात. म्हणून गोळा झटकून सुटत नाही. अन्नद्रव्य आणि पकड ही दोन कामे तिथे एकाच ठिकाणी, एकाच वेळी चाललेली असतात. आपण मात्र त्यांची खाती वेगळी केली आहेत: पकड अभियंत्यांची आणि अन्नद्रव्य शेतीखात्याचे.

आता आपल्या कोकणातली कड काय असते ते पाहू. सगळ्यात वर वीतभर, कुठे हातभर तांबडी माती. तिच्यात पाने कुजलेली, मुळे, गांडुळे. तिच्याखाली जांभा. जांभ्याखाली पुष्कळ ठिकाणी पांढरट-गुलाबी मऊ चिकणमाती, जी पावसात साबणासारखी होते. रस्त्यासाठी उभे कापले की डोळ्यांसमोर येतात ते हे खालचे दोन थर. त्यांत सेंद्रिय कर्ब जवळपास नसतो, म्हणून नत्रही नसते. हजारो पावसाळ्यांनी चुना, मॅग्नेशियम, पालाश धुऊन नेलेले असते. उरते ते लोह आणि ॲल्युमिनियम. माती आम्लधर्मी, आणि स्फुरद असला तरी तो लोहाने आणि ॲल्युमिनियमने घट्ट धरून ठेवलेला. तुम्ही वरून स्फुरदाचे खत टाकले तरी काही आठवड्यांत त्याचा मोठा भाग तसाच बांधला जातो. नत्राचे उलटे. युरियाचे पाण्यात जाणारे रूप मातीत थांबतच नाही, आणि आमच्याकडे पाऊस पडतो तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. फवाऱ्यातल्या खताने ऑगस्टपर्यंत गवत पोपटी होते. गणपती जाईपर्यंत ते खत खाडीला लागलेले असते.

जांभ्यावर झाड जगायचे असेल तर त्याने तो बांधलेला स्फुरद सोडवायला हवा. काही वनस्पतींना ते जमते. हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक-संशोधन संस्थेत काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये दाखवून दिले की तुरीची मुळे एक विशिष्ट आम्ल सोडतात, ते लोहाला पकडते आणि लोहाने धरलेला स्फुरद मोकळा होतो. हे वाचले तेव्हा मला आमच्या आईची आठवण झाली. भाताच्या बांधावर आणि वरकस जमिनीत, जिथे काही येत नाही तिथे, ती तूर टोचायची. कारण विचारले तर म्हणायची, "तूर मागत नाय, उलट ठेवून जाते." तिला लोह-स्फुरद माहीत नव्हते, पण पुढच्या वर्षी त्याच जागी नाचणी कशी येते ते ती पाहत होती.

नत्राचे काम शेंगवर्गीय वनस्पती करतात, हे शाळेच्या पुस्तकात आहे. त्यांच्या मुळांवर गाठी असतात, गाठींत रायझोबियम जिवाणू असतात, ते हवेतले नत्र बांधतात. पण इथे एक बारकावा आहे, आणि तो माझ्या अनुभवात रस्त्याच्या कामांत कोणी विचारात घेत नाही. प्रत्येक शेंगवर्गीय वनस्पती गाठी धरते असे नाही. आपल्याकडे पावसाळ्यात रस्त्याच्या कडेने टाकळा माजतो. त्याला शेंगा लागतात, तरी त्याच्या मुळांवर या गाठी नसतात. बहाव्याचेही तसेच. फुलतो तेव्हा रस्त्याचे सोने होते, मला तो फार आवडतो, पण नत्राच्या आशेने तो उतारावर लावला असेल तर ती आशा चुकीची आहे. करंज गाठी धरतो. गिरिपुष्प धरते. पांगारा धरतो. ताग, कुळीथ, पावटा, चाऱ्याचा स्टायलो, सगळे धरतात. आपल्या त्या कवल्याचीही गणना शेंगवर्गातच होते, ज्याची भाजी आपण श्रावणात खातो.

गाठ असली म्हणजे ती काम करतेच, असेही नाही. ती नखाने फोडून पाहायची. आत गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर गाठ नावापुरती. स्फुरद कमी असेल, किंवा त्या मातीत योग्य जिवाणूच नसतील, तर गाठी रिकाम्या राहतात. कापलेल्या जांभ्यात जिवाणू कुठून असणार? म्हणून बी पेरताना त्याला जिवाणू संवर्धक चोळायचे असते. शेतकरी तूर-उडदाला ते चोळतो. उतारावर बियांचा फवारा मारणाऱ्याला ते कोणी सांगत नाही.

गवताचे गणित आणखी वेगळे. गवताची मुळे केसांसारखी, दाट, दरवर्षी त्यांतली बरीच मरतात आणि मातीतच कुजतात. सेंद्रिय कर्ब वाढवायला गवतासारखे दुसरे काही नाही. वाळा घ्या. त्याची मुळे पहिल्याच काही वर्षांत माणसाच्या उंचीहून खोल जातात आणि सरळ खाली जातात. म्हैसूरकडच्या शेतकऱ्यांनी बांधावर वाळ्याच्या ओळी कित्येक पिढ्या राखलेल्या आहेत, आणि १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या माणसांनी तिथूनच ती गोष्ट जगभर नेली. पण नुसते गवत नत्र आणत नाही, ते नत्र खाते. त्याचे पान-मूळ कुजताना जिवाणूंना कर्ब भरपूर आणि नत्र थोडे मिळते, म्हणून ते मातीत होते नव्हते तेवढे नत्रही अडकवून ठेवतात. म्हणूनच नापीक मुरुमावर नुसते गवत दुसऱ्या वर्षी पिवळे पडते. ते आळशी नाही, उपाशी आहे.

यातून माझे म्हणणे इतकेच निघते की उतारावर एकच जात लावणे म्हणजे घरात एकाच माणसाने सगळी कामे करावीत अशी अपेक्षा. गवत कर्ब देते आणि वरचा थर शिवून टाकते. शेंगवर्गीय नत्र देते. धायटी, निर्गुडी, करवंद, करंज अशी झुडपे-झाडे खालच्या थरातून चुना-पालाश वर आणून पानगळीने जमिनीवर पसरतात. कुणाच्या मुळाजवळ काय वाढते आणि काय घटते हे वेगवेगळे असल्याने एकाचे घटलेले दुसऱ्याचे वाढलेले भरून काढते. जुन्या कडेवर हे आपोआप झाले, फक्त त्याला माझे अख्खे आयुष्य लागले. तुम्हाला ते पाच-सात वर्षांत हवे आहे. त्यासाठी मदत करावी लागेल.

आणि पहिली मदत तुमच्याच कागदात लिहिलेली आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या रस्तेकामाच्या विनिर्देशांत स्पष्ट म्हटले आहे की खोदकामाच्या आणि भरावाच्या जागेवरची वरची माती, १५० मिलिमीटरपर्यंत, वेगळी काढायची, २ मीटरपेक्षा उंच नसलेल्या ढिगांत साठवायची, आणि उतारांवर पुन्हा पसरायची. इतके शहाणपणाचे वाक्य मी सरकारी कागदात क्वचित वाचले आहे. ढीग दोन मीटरपेक्षा उंच का नको? कारण खूप उंच ढिगाच्या पोटात हवा जात नाही आणि माती जिवंत राहत नाही. ज्याने ते लिहिले त्याला माती कळत होती.

आमच्या गावाजवळ काय झाले ते मी डोळ्यांनी पाहिले. पहिल्या आठवड्यात जेसीबीने वरची माती आणि खालचा मुरूम एकाच बादलीत भरला आणि एकाच डंपरमध्ये टाकला. ती सगळी खालच्या भरावात गेली. शेकडो वर्षांत साचलेली माती, जिच्यात त्या डोंगरावरच्या प्रत्येक गवताचे बी होते, प्रत्येक बुरशीचा तंतू होता, ती रस्त्याच्या पोटात दाबली गेली आणि तिच्यावर रोलर फिरला. मग वरून कुठूनतरी आणलेल्या बियांचा फवारा. मी कोणाचे नाव घेत नाही, कारण हा एका ठेकेदाराचा प्रश्न नाही. गेल्या काही वर्षांत मी कोकणातल्या जितक्या कापणीच्या जागा पाहिल्या, त्यांत वेगळा ठेवलेला मातीचा ढीग मला फार क्वचित दिसला.

ती माती परत उतारावर आली असती तर लावणीचे निम्मे काम तिनेच केले असते. त्या मातीत मायकोरायझाची बुरशी असते. बहुतेक वनस्पती तिच्याशी जोडीने जगतात. मूळ जिथे पोहोचत नाही तिथे तिचे तंतू पोहोचतात आणि स्फुरद आणून देतात. स्फुरद जागचा फारसा हलत नाही, त्यामुळे मुळाच्या अगदी लगतचा स्फुरद संपला की मूळ उपाशी राहते. पुढचा आणायला बुरशीच लागते. ही बुरशी कारखान्यातही बनवून मिळते, पण त्या डोंगराची बुरशी त्या डोंगराच्या मातीतच असते.

ऑस्ट्रेलियन बाभळीविषयीही थोडे लिहिले पाहिजे, कारण कोकणात रस्त्याकडेला आणि पडीक जमिनीवर ती इतकी लावली गेली आहे की नव्या पिढीला ती इथलीच वाटते. ती गाठी धरते, नत्र बांधते, जांभ्यावर झपाट्याने वाढते, हे खरे. पण तिच्याखाली जाऊन बसा. जाड, चिवट पानांचा थर असतो, तो सावकाश कुजतो, आणि खाली गवत जवळजवळ नसते. नत्र बांधणारी झाडे मुळाभोवतीची माती आणखी आम्ल करतात, आधीच आम्ल असलेल्या जांभ्यात ही गोष्ट लहान नाही. उतारावर तर आणखी एक अडचण: पावसाचे थेंब पानांवरून मोठे होऊन खाली पडतात आणि खाली गवत नसल्याने माती उघडीच. म्हणजे नत्राच्या खात्यात जमा आणि धुपीच्या खात्यात खर्च. रानमोडी या तणाबद्दल मात्र मी तुम्हाला दोष देणार नाही. ती तुम्ही लावत नाही. पण उघडा, उपाशी उतार तिला आमंत्रण देतो, आणि ती एकदा बसली की आपल्या गवताला जागा देत नाही.

राब भाजायची आमच्याकडची रीत पुष्कळ अभियंत्यांनी लहानपणी पाहिली असेल. भाताचे रोप करायच्या जागी कवळ (झाडांच्या तोडलेल्या फांद्या), पाला, शेण पसरून जाळायचे. राखेने सामू वाढतो, पालाश आणि स्फुरद मिळतो, तण मरते. मी राबाची बाजू मांडायला बसलेली नाही, त्यासाठी डोंगरची झाडे तोडली गेली आणि आता बऱ्याच जणांनी ती रीत सोडलीही. पण त्यामागची एक गोष्ट लक्षात घ्या. लाल मातीत रोपाच्या अगदी मुळापाशी काहीतरी द्यावे लागते, अख्ख्या शेताला नव्हे, हे आमच्या पूर्वजांना पक्के माहीत होते. उतारावरही हेच. सगळ्या कडेवर खत उधळण्यापेक्षा प्रत्येक खड्ड्यात, प्रत्येक ओळीत मूठभर शेणखत, थोडा रॉक फॉस्फेट (स्फुरदाच्या खडकाची भुकटी) आणि जुन्या कडेवरची ओंजळभर माती घातली तर ते धुऊन जात नाही आणि कामाला येते. आम्ल मातीत रॉक फॉस्फेट हळूहळू विरघळतो, हा तर जांभ्याचा एकमेव उपकार.

उताराची वरची बाजू आणि खालची बाजू एकसारखी वागत नाहीत हे तुम्ही जाणताच. वरून माती आणि अन्नद्रव्य घसरत खाली येते. पायथ्याशी झाडे चांगली दिसतात म्हणून पाहणीही पायथ्याशीच होते. नमुना घ्यायचा तर वर, मध्ये, खाली, तिन्ही ठिकाणचा घ्या. काँक्रीट फवारलेल्या भागाच्या खाली सिमेंटचे अल्कधर्मी पाणी झिरपते, तिथली माती वेगळीच असते. तिचा नमुना बाकीच्यात मिसळू नका.

कोणी म्हणेल, बाई, डोंगर कोसळतो तेव्हा गवताची मुळे काय करणार? बरोबर आहे. २०१४ च्या जुलैत माळीण, २०२१ च्या जुलैत महाडजवळचे तळिये, या घटनांनंतर कोणीही झाडाला देव करू नये. खोलवरून घसरणारा डोंगर मुळांनी थांबत नाही. तिथे निचरा, गॅबियन (तारेच्या जाळीत भरलेले दगड), भिंत, बोल्ट हेच लागते आणि ते काम तुमचे. जांभ्याखालची ती मऊ चिकणमाती कापणीत उघडी पडली असेल तर तिथे आधी पाण्याची वाट करा, मग रोपांचे बोला. मी बोलते आहे ते वरच्या हात-दोन हात थराविषयी. घळी तिथूनच पडतात, गटारे तिथल्याच मातीने तुंबतात, तुंबलेले पाणी भिंतीमागे मुरते आणि मग मोठ्या कामालाही धोका होतो. उभ्या खडकाळ कापणीवर झाड लावायचा हट्टही मी करणार नाही. पण जिथे माती धरेल असा उतार आहे तिथे सिमेंट मारून मोकळे होऊ नका.

आता माझ्या मागण्या. वरची माती वेगळी काढली का, कुठे ठेवली, किती ठेवली, याची नोंद मोजमाप वहीत खोदकामाइतकीच काटेकोर व्हावी. ढीग पावसाळ्यात उघडा पडणार असेल तर त्याच्यावर तागाचे बी टाकून ठेवा, महिनाभरात झाकला जाईल. उतारावर माती पसरल्यावर काथ्याची जाळी अंथरा. ती कुजेपर्यंत दोन-तीन पावसाळे मिळतात आणि कुजून ती मातीतच जाते, प्लॅस्टिकच्या जाळीसारखी लोंबकळत राहत नाही. पेरणी रोहिणीत करा, धूळवाफेवर, आमच्या शेतकऱ्यांसारखी. बी कोरड्या मातीत वाट पाहील आणि पहिल्या सरीला रुजेल. जुलैत, मुसळधार चालू असताना केलेला फवारा अर्धा गटारात जातो, हे मी पाहिलेले आहे. लावणीच्या मिश्रणात वाळ्याचे ठोंब किंवा स्थानिक गवत, कुळीथ-ताग-स्टायलो यांसारखे गाठी धरणारे, आणि धायटी-निर्गुडी-करंज यांची रोपे, तिन्ही असू द्या. धायटीचे बी कोकणात कुठल्याही कडेवर उन्हाळ्यात गोळा करता येते. गावातल्या बाया ते करतील, त्यांना मजुरी द्या.

दिवाळीनंतर कडेचे गवत कापून पेटवून देण्याची पद्धत तेवढी थांबवा. त्या गवताच्या पानांत उरलेले नत्र धुरात जाते आणि राख मोसमाच्या पहिल्या पावसात वाहून जाते. दृष्टीला अडथळा होतो तेवढे कापा आणि तिथेच पसरू द्या.

सगळ्यात महत्त्वाचे, देयक देण्याआधी माती तपासा. २०१५ च्या हरित महामार्ग धोरणात प्रकल्पखर्चाच्या १ टक्का रक्कम झाडांसाठी राखून ठेवायची तरतूद आहे. पैसा नाही असे नाही. पण त्याचा हिशेब किती रोपे लावली आणि किती जगली एवढाच होतो. जगलेले रोप खतावर जगले की मातीवर, हे त्यातून कळत नाही. तिसऱ्या पावसाळ्यानंतर त्याच उतारावरचे दहा जुडगे उपटा, झटका, मुळाला चिकटलेली माती ब्रशने काढा आणि हातभर अंतरावरची, मुळे नसलेली माती शेजारी ठेवा. दोन्हींचा सेंद्रिय कर्ब, नत्र, उपलब्ध स्फुरद, पालाश आणि सामू काढा. आकडे वाचताना एक काळजी घ्या. मुळाजवळ उपलब्ध स्फुरद कमी दिसला तर घाबरू नका, मूळ तो खाते आहे म्हणून तसे दिसू शकते. पण सेंद्रिय कर्ब मुळाजवळ वाढलेला नसेल, तिसऱ्या वर्षीही दोन्ही माती सारख्याच असतील, तर तिथे गवत आहे पण माती घडत नाही. त्या उताराचे काम पूर्ण झाले असे मानू नका. उलट अंतर दिसू लागले असेल तर चौथ्या वर्षी खत देण्याची गरज नाही, पैसे वाचवा. ही तपासणी महाग नाही. जिल्ह्याजिल्ह्यात मातीपरीक्षणाच्या सोयी आहेत. दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून याच लाल मातीवर काम करते आहे, वनशास्त्राचे महाविद्यालय तिथेच आहे. त्यांच्या विद्यार्थ्यांना प्रत्येक घाटातला एक उतार दत्तक दिला तर त्यांना प्रबंध मिळेल आणि तुम्हाला दर वर्षीचा आकडा.

रस्त्यांचे मानदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची उतारांची धूप रोखण्याविषयी आयआरसी ५६ ही स्वतंत्र मार्गदर्शिका आहे. तिच्या पुढच्या आवृत्तीत मुळाभोवतीच्या मातीची ही तपासणी एका ओळीने जरी आली तरी देशभरच्या निविदांत ती आपोआप येईल. हे तुमच्यातल्या ज्येष्ठांच्या हातात आहे.

गेल्या वर्षी शाळेतल्या नववीच्या मुलांना घेऊन मी दोन्ही कडांवर गेले होते. आम्ही दोन काचेच्या ग्लासांत पाणी घेतले. एकात नव्या कडेचा मुरुमाचा खडा टाकला, दुसऱ्यात जुन्या कडेवरच्या धायटीच्या मुळाशी चिकटलेला तेवढाच गोळा. पहिला खडा मुलांच्या डोळ्यांदेखत विरघळला आणि पाणी चहासारखे लाल झाले. दुसरा गोळा तळाशी जाऊन बसला, बुडबुडे सोडत. मुले उतरून बस पकडायला गेली तेव्हाही तो तसाच होता.

येत्या मेमध्ये, रोहिणी लागायच्या आधी, तुमच्यापैकी कोणी राजापूरच्या बाजूला फेरीवर आला तर गावात निरोप ठेवा. खुरपे, ब्रश आणि ग्लास माझ्याकडे आहेत. अर्धा तास लागेल. नव्या कडेवर वरच्या अंगाला अजून थोडी जागा अशी आहे की जिथे यंदाच्या पावसाआधी माती पसरून जाळी अंथरता येईल. ती जागा मी तुम्हाला दाखवेन.

आपली,
एक निवृत्त मातीपरीक्षक
राजापूर तालुका, जिल्हा रत्नागिरी